पहिला घाणा काढा: आराखड्यातच अडकलेल्यांसाठी

कांदा-लसूण चटणी घरी करून विकायची असं ठरवलंय. नाव ठरलं, लोगो झाला, तीन मापांच्या बरण्यांचे दर काढले, इन्स्टाग्रामचं पान उघडलं, दिवाळीची ऑफरसुद्धा लिहून ठेवली. फक्त चटणी अजून झालेली नाही. अशा माणसांसाठी हा लेख आहे. तुमचं काम चटणीचं नसेल, एमपीएससीचा अभ्यास असेल, यूट्यूब चॅनल असेल किंवा सकाळी पळायला जाणं असेल, तरी पायऱ्या याच. उदाहरण चटणीचं घेतलं, कारण कोल्हापुरात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही आणि त्यात वजन, वेळ, खर्च सगळं मोजता येतं. काय बिघडलं तेही महिन्याभरात बरणीच सांगते.

आधी तपासा: आराखडा पुढं सरकतोय की जागेवर फिरतोय?

आराखडा करणं वाईट नाही. एका टप्प्यानंतर मात्र त्यातून नवं काही कळेनासं होतं. तो टप्पा ओळखायला एकच प्रश्न पुरतो: गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या आराखड्यात जे बदललं, ते कशामुळं बदललं?

लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन मिरचीचा दर विचारला आणि हिशेब बदलला, शेजारच्या काकूंनी "मला नको, मी घरीच करते" म्हटलं आणि गिऱ्हाईक कोण याचा विचार बदलला, किंवा एक बरणी खराब झाली म्हणून कृती बदलली, तर आराखडा जिवंत आहे. खुशाल चालू ठेवा. पण तुम्ही आणखी तीन व्हिडिओ पाहिले, वही पुन्हा नीट लिहून काढली, नाव 'आईची चटणी' होतं ते 'गावाकडची चटणी' केलं, एवढंच झालं असेल तर काम थांबलेलं आहे. फसवं एवढंच की थांबलंय असं वाटत नाही. वही भरत जाते, दिवस कारणी लागल्यासारखा वाटतो.

यामागं बहुतेक वेळा आळस नसतो. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून बिनचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून तशी अपेक्षा, आणि 'लोक माझ्याकडून बिनचूकपणाचीच अपेक्षा करतात' हा समज. हा तिसरा प्रकार चटणीच्या बाबतीत इथं फार जड जातो. इथं घरोघरी चटणीचा एक तज्ज्ञ बसलेला असतो. तिखट कमी पडलं तर तो बोलणार, रंग काळपट आला तर त्याची आईही बोलणार. चटणी करायचीच राहिली तर मात्र कुणी काही बोलत नाही, म्हणून न करणंच सुरक्षित वाटतं.

एक पान, तीन रकाने

चाळीस मिनिटांचा गजर लावा. एकच पान घ्या, पाठपोट लिहायचं नाही. त्यावर तीन रकाने पाडा: 'ठरलंय', 'विचारून कळेल', 'केल्याशिवाय कळणार नाही'. डोक्यात आणि वह्यांत जे काही आहे ते यात टाका.

'ठरलंय' हा रकाना सहसा वाटतो त्यापेक्षा लांब निघतो. कुठली चटणी, कुणासाठी, कुठल्या स्वयंपाकघरात, सुट्टीच्या कुठल्या दिवशी हे बहुतेकांचं कधीच ठरलेलं असतं. तिथं पुन्हा हात लावायचा नाही.

'विचारून कळेल' या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढं ते कुणाला विचारायचं हे लिहा. मिरचीचा आजचा दर: मसाल्याचा दुकानदार. डंकावर, म्हणजे मसाला कांडण्याच्या गिरणीत, कमीत कमी किती माल घेतात: डंकवाला. नोंदणीला कोणती कागदपत्रं लागतात: फॉस्कॉस हे एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, पोर्टल. या सगळ्याला मिळून दोन दिवस द्या. दोन दिवसांत ज्याचं उत्तर आलं नाही ते सोडून पुढं जायचं. पहिल्या घाण्याला ते बहुधा लागतही नाही.

खरी गोम तिसऱ्या रकान्यात आहे. तिखट किती असावं? आमच्या मिक्सरला हे झेपेल का? महिन्यानंतर रंग टिकेल का? शंभर ग्रॅमची पुडी भरायला किती वेळ जातो? या प्रश्नांची उत्तरं ना व्हिडिओत आहेत ना विचार करण्यात, कारण ती तुमच्या मिरचीवर, तुमच्या गॅसवर आणि तुमच्या हातावर अवलंबून आहेत. अडकलेली माणसं महिनोन् महिने नेमके हेच प्रश्न विचार करून सोडवत असतात. या रकान्याखाली जाड रेघ मारा आणि पान भिंतीला लावा. आता पान वाढवायचं नाही. नवी शंका आली तर ती याच रकान्यात जाते, नव्या वहीत नाही.

ज्यातून माघार घेता येत नाही ते बाजूला काढा

'विचार करू नका, उडी मारा' हा सल्ला धोकादायक आहे. काही गोष्टींत सावकाश, सगळे कागद तपासून, घरच्यांशी बोलूनच पाऊल टाकावं: गाळ्याचं डिपॉझिट, कर्ज, कांडप यंत्राची खरेदी, छापील पाउचची हजारोंची ऑर्डर, नोकरीचा राजीनामा. हे निर्णय फिरवता येत नाहीत किंवा फिरवायला फार महाग पडतात. म्हणून ते आता घ्यायचेच नाहीत. तीन घाणे काढून हातात खरे आकडे आले की मग बघा.

खाण्याच्या पदार्थात स्वच्छता आणि कोरडेपणा यांतही 'चालतंय की' चालत नाही. ओला चमचा, दमट बरणी, किडका धणा टाळणं याला परिपूर्णतेचा हट्ट म्हणत नाहीत, ती किमान अट आहे.

बाकी जवळजवळ सगळं बदलता येतं. नाव, लेबल, बरणी, दर, तिखटपणा, सगळं दुसऱ्या घाण्याला वेगळं करता येतं. त्यामुळं यांतल्या कुठल्याही निर्णयाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. दहा मिनिटांत ठरत नसेल तर सगळ्यात स्वस्त पर्याय घ्या.

घाणा लहान करा, आणखी लहान करा

वर्षाची चटणी करायची सवय असलेल्या घरात चार-पाच किलो मिरचीपेक्षा कमीचा विचार सुचत नाही. नवख्यानं तसं केलं तर दोन गोष्टी होतात. इतका खर्च आणि इतके दिवस लागणार म्हणून मुहूर्त पुढं ढकलला जातो. आणि बिघडलं तर पाच किलो बिघडतं, मग वर्षभर कुणी धीर करत नाही.

पहिला घाणा पाव किलो मिरचीचा असू द्या. माप असं:

- ब्याडगी मिरची १५० ग्रॅम (रंगासाठी), संकेश्वरी १०० ग्रॅम (तिखटासाठी)
- कांदा २५० ग्रॅम, सोललेला लसूण ६० ग्रॅम
- धणे ६० ग्रॅम, सुकं खोबरं ६० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम
- लवंग, दालचिनी, मिरी, जिरं, दगडफूल, मसाला वेलची, तमालपत्र असा खडा मसाला सगळा मिळून २५ ग्रॅम
- जाडं मीठ ६० ग्रॅम
- तेल १०० मिली बाजूला काढून ठेवा, सगळं लागेलच असं नाही
- खडा हिंग, बरणीत ठेवायला एक छोटा खडा

यातून साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम चटणी निघते. शंभर ग्रॅमच्या पाच पुड्या पाच घरांना आणि उरलेली आपल्याकडं नमुना म्हणून, एवढाच पहिल्या घाण्याचा हेतू. विकायचं नाही, नफा काढायचा नाही. हे माप सगळ्यांत चांगलं आहे असाही दावा नाही. तुमच्या आजीचं माप वेगळं असेल तर तेच घ्या, भागून पाव किलो मिरचीवर आणा आणि पुढं चला. कुठलं माप खरं यावर वाद घालणं हा कोल्हापुरातला आराखडा लांबवण्याचा सगळ्यात मान्यताप्राप्त मार्ग आहे.

चटणीशिवाय दुसरं काम असेल तर लहान करण्याचा नियम असा: एका बैठकीत संपलं पाहिजे, फसलं तर महिन्याच्या खर्चात कळूनही येऊ नये, आणि शेवटी दुसऱ्या माणसाच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी तयार झालं पाहिजे. चॅनल काढायचं असेल तर मोबाइलवर एका दमात केलेला तीन मिनिटांचा एक व्हिडिओ. अभ्यास असेल तर एका धड्यावरचे वीस प्रश्न सोडवून मित्राकडून तपासून घेतलेले. पळणं असेल तर रंकाळ्याच्या कठड्याकडेनं दहा मिनिटं जायचं, दहा मिनिटं परत यायचं, हव्या त्या वेगानं, घरी आहेत त्याच बुटांत.

'चालेल' कुठं, हे आधी लिहा

शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ड्रॉइंगवर माप एकटं येत नाही. शाफ्टचा व्यास २५ मिमी लिहिला असेल तर पुढं अधिक-उणे ०.०५ असं काहीतरी असतंच. त्या हद्दीत जॉब बसला की पास. हद्दच दिली नाही, 'अगदी बरोबर २५' एवढंच सांगितलं, तर कामगार दिवसभर घासत बसेल आणि तरी जॉब पास झाला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. अडकलेल्या माणसाच्या कामाचं हेच होतं. 'चांगली' चटणी करायची असते, पण चांगली म्हणजे कुठपर्यंत हे कुठंच लिहिलेलं नसतं.

म्हणून सामान आणायच्या आधी तीन, फार तर चार अटी लिहा आणि प्रत्येकीची तपासणी 'हो' किंवा 'नाही' अशी होईल असं बघा. उदाहरणार्थ: चिमूट चटणी कोरड्या कागदावर दाबली तर कागदाला पाण्याचा डाग पडत नाही (तेलाचा चालेल). वाटीभर आमटीत अर्धा चमचा घातली तर घरातला तिखट खाणारा माणूस ती वाटी संपवतो. जळका वास नाही. पाच पुड्या भरून झाल्या. झाल्या तर पास. 'रंग अमुक ब्रँडसारखा यायला हवा' ही अट नाही, ती हौस आहे. ती पाचव्या घाण्यासाठी ठेवा.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात हेच मांडलं होतं: माणूस सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम निवडू शकत नाही, तो किमान अटी पुऱ्या करणारा पहिला पर्याय निवडतो, आणि तेच शहाणपणाचं असतं. अटी लिहायच्या राहिल्या की मात्र प्रत्येक पर्याय अपुरा वाटत राहतो.

एक काळजी घ्या. अटी घाण्याच्या आधी लिहायच्या आणि घाणा चालू असताना बदलायच्या नाहीत. मन नेमकं तेव्हाच पाचवी अट घालायला येतं.

वार, वेळ, जागा आणि 'तर'

'या महिन्यात करू' याला तारीख म्हणत नाहीत. लिहायचं ते असं: 'रविवारी सकाळी साडेनऊला, नाष्टा आवरला की, मी ओट्यावर कढई ठेवून धणे भाजायला घेणार.' पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये दाखवलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी तमुक करणार' असा बांधलेला निश्चय तडीस जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. कारण साधं आहे. त्या क्षणी निर्णय घ्यावा लागत नाही, तो आधीच घेतलेला असतो.

त्याच कागदावर तीन अडचणी आणि त्यांची उत्तरं लिहून टाका. पाहुणे आले तर: भाजणं आज, दळणं उद्या संध्याकाळी. संकेश्वरी मिळाली नाही तर: दुकानात जी तिखट मिरची असेल ती. पाऊस लागला तर: ऊन सोडा, कढईत मंद आचेवर कोरडं करा. ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. 'आता पावसाळा आला, पुढच्या मार्चात बघू' या एका वाक्यानं अख्खं वर्ष जातं. वर्षाच्या बेगमीला उन्हाळाच हवा हे खरं, पण पाव किलो मिरचीला कढई पुरते.

वेळेचा अंदाजही दुरुस्त करून घ्या. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळंच बिघडलं तर किती, याचा अंदाज सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटातला वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला. पाव किलोच्या घाण्याला तुम्ही दोन तास धरले असतील तर चार तास मोकळे ठेवा. बारा वाजता कुठं जायचं असेल त्या दिवशी घाणा लावू नका. घाई झाली की कांदा कच्चा राहतो, आणि सगळी चटणी बिघडवायला तेवढं पुरतं.

घाण्याचा दिवस

सामान आदल्या दिवशी आणून, निवडून, मिरचीचे देठ काढून, वजन करून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. मिरची हातात चुरचुर मोडली पाहिजे. वाकत असेल तर तिच्यात ओल आहे. ऊन असेल तर दिवसभर ऊन द्या, नसेल तर कढईत मंद आचेवर.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. सगळं एकदम टाकलं की तीळ जळतात आणि धणे कच्चे राहतात. धणे वास सुटेपर्यंत, तीळ तडतडेपर्यंत, खोबऱ्याचा कीस तांबूस होईपर्यंत. खडा मसाला चमचाभर तेलात, अर्ध्या मिनिटाच्या वर नाही. मिरची चमचाभर तेलात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, काळी पडू न देता. इथं मोठी आच केली तर चटणी कडवट लागते आणि रंग विटकरी येतो, मग दोष मिरचीला दिला जातो.

सगळ्यात जास्त लक्ष कांद्याकडं द्या. अगदी पातळ उभा चिरा, तेलात मध्यम आचेवर कुरकुरीत तांबूस होईपर्यंत तळा आणि कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर बोटानं चुरला पाहिजे. चिवट लागला तर परत कढईत. बुरशी येते ती बहुतेक वेळा कांद्या-लसणात राहिलेल्या ओलीमुळं. लसूण कच्चा घालायची पद्धतही आहे आणि त्याचा झणका वेगळाच असतो, पण पहिल्या घाण्यात तेलात परतून घाला. एक धोका कमी होतो.

दळताना क्रम पाळा. आधी मिरची, मग धणे आणि खडा मसाला, मग तीळ-खोबरं थोड्या मिठासोबत, शेवटी कांदा-लसूण उरलेल्या मिठासोबत. तीळ-खोबऱ्याला तेल सुटतं, ते आधी टाकलं तर भांड्याला लगदा चिकटतो आणि मिरची जाडसर राहते. मिक्सर वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, परत फिरवा. सलग चालवला की भांडं तापतं आणि वास उडतो. मिरची दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, दोन मिनिटं खाट, म्हणजे मिरचीची उडालेली धूळ, बसू द्या, नाका-तोंडाला रुमाल बांधा, खिडकी उघडी ठेवा.

मग सगळं परातीत एकत्र करून हातानं नीट मिसळा, दोन-तीन तास पसरून गार करा आणि कोरड्या बरणीत भरा. पुडीवर पांढरा स्टिकर: तारीख, 'घाणा १', वजन. लोगो नाही. लोगो असेल तर माणसं त्याचंच कौतुक करतात आणि चटणीबद्दल काही सांगत नाहीत.

घाणा चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्ध्यात व्हिडिओ उघडला की तिथली बाई वेगळंच माप सांगते आणि हात थांबतो.

चाखायला कुणाला द्यायचं आणि काय विचारायचं

पाच घरं निवडताना पाचही नात्यातली नकोत. रोज स्वयंपाक करणारी दोन घरं, दुकानातून तयार चटणी आणणारं एक, तिखट कमी खाणारं एक, आणि कोल्हापूरबाहेर, पुण्या-मुंबईत राहणारं एक. भिशीच्या मंडळात द्यायची असेल तर सगळ्यांसमोर चाखायला देऊ नका. पहिली बाई जे बोलते तेच पुढच्या सगळ्या बोलतात.

'कशी झालीय?' हे विचारू नका. त्याला 'लई भारी!' याशिवाय उत्तर येत नाही आणि त्याचा काही उपयोग नाही. आठ दिवसांनी फोन करून तीन प्रश्न विचारा. बरणीत किती उरलीय? कशाकशात घातली? पुढच्या महिन्यासाठी किती ग्रॅम लिहून ठेवू? तिसऱ्या प्रश्नाला 'बघू, सांगते' आलं तर तो नकार समजायचा, वाईट वाटून न घेता. वहीत आकडा पडला तरच मागणी.

विक्री दुसऱ्या घाण्यापासून, तीही नोंदणी हातात आल्यावर. घरातून थोडं थोडं विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, अर्ज फॉस्कॉसवर ऑनलाइन होतो आणि लहान व्यवसायाची नोंदणी मोठ्या परवान्यापेक्षा सोपी आहे. पाच पुड्या वाटल्या त्याच दिवशी अर्ज भरा. नोंदणी येईपर्यंत विकायचं नाही, पण नुसतं बसूनही राहायचं नाही, तोवर नमुन्याची बरणी तपासत राहायचं. विक्रीच्या पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावी, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. त्याचा मजकूरसुद्धा पहिल्यांदा साध्या प्रिंटरवर काढून चिकटवला तरी चालतो.

वीस मिनिटांची नोंद, एकच बदल

आठव्या दिवशी, फोन झाल्यावर, वीस मिनिटं बसा. भिंतीवरच्या पानातल्या तिसऱ्या रकान्यापुढं उत्तरं लिहा. बहुधा निम्म्या प्रश्नांना उत्तर आलेलं असतं आणि एक-दोन प्रश्न निरर्थक निघालेले असतात. मग पुढच्या घाण्यात बदलायची एकच गोष्ट निवडा. मीठ आणि तिखट दोन्ही एकदम बदललं तर फरक कशानं पडला ते कळत नाही. पाचपैकी तिघांनी तीच तक्रार केली तर बदल करा. पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या तर काहीच बदलू नका आणि तोच घाणा परत काढा.

दुसरा घाणा पहिल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आणि तेवढ्याच मापाचा. इथं बरेच जण घसरतात. पहिला बरा झाला की 'आता नीट करू' म्हणतात, आणि नीट म्हणजे परत बरण्या, परत लोगो, परत सहा महिने.

कुठं पाय अडकतो

अवजारांची खरेदी हा पहिला खड्डा. मोठा मिक्सर आला की सुरू करू, पाउच सील करायचं मशीन आलं की सुरू करू. कोल्हापुरात यावर एक हुकमी दाखला देतात: बाबूराव पेंटरांनी आधी कॅमेरा स्वतः बनवला आणि मग १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा काढला. दाखला खरा आहे, पण त्यांना कॅमेऱ्याशिवाय सिनेमा काढताच आला नसता. तुमच्या घरी मिक्सर आहे.

दुसरा खड्डा, सगळ्यांना आधी सांगून टाकणं. स्टेटसवर 'लवकरच येत आहोत' टाकलं की अभिनंदनाचे पन्नास मेसेज येतात आणि काम झाल्याचं निम्मं समाधान तिथंच मिळून जातं. वर अपेक्षाही वाढते. घरातल्या एका माणसाला सांगा, तारखेसकट. त्या दिवशी विचारणारा एक पुरे.

घरचे बोलतील, 'एवढीशी काय करतीस, करायची तर नीट कर.' वाद घालू नका. 'नमुन्याची हाय, मोठी नंतर,' एवढं म्हणा आणि कांदा चिरायला घ्या. विरोध करणारालाच लसूण सोलायला बसवलं तर बहुतेक वेळा विरोध मावळतो.

आणि घाणा खरोखरच फसला तर? जळका आला तर आच चुकली, वेळ लिहून ठेवा. खारट झाला तर तेवढ्याच मापाचा बिनमिठाचा घाणा करून दोन्ही मिसळा. बुरशी आली तर वरचा थर काढून वापरायची नाही, अख्खी फेकायची आणि ज्यांना दिली त्या पाचही घरांना लगेच फोन करून फेकायला सांगायचं. हा फोन अवघड असतो, पण पाच घरांनाच करायचा असतो. पाव किलोचा हाही एक फायदा.

सगळ्याच अडकण्याला ही औषधं लागू पडत नाहीत. गॅस बंद केला का हे वीस वेळा तपासल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नसेल, एक ओळ लिहायला तास जात असेल, झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो रकाने पाडून सुटणारा प्रश्न नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. प्रत्यक्ष भेटायचं तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

तिसऱ्या घाण्यानंतर

पुढं जायचं की सोडायचं याचा आकडाही आजच, पहिल्या घाण्याच्या आधी, त्याच पानाच्या तळाशी लिहा. उदाहरणार्थ: पाचपैकी तीन घरांनी पैसे देऊन पुन्हा मागितली तर पुढं. एकानंच मागितली किंवा कुणीच मागितली नाही तर कृती बदलून आणखी एक घाणा, नाहीतर सोडून द्यायची. दोघांनी मागितली तर आणखी पाच नवी घरं. सोडणं हाही निकालच आहे, आणि तो तीन घाण्यांत मिळाला तर स्वस्तात मिळाला.

पुढं जायचं ठरलं तर चौथा घाणा एक किलो मिरचीचा आणि तो डंकावर. सगळी मापं चौपट करा, पण मीठ आणि खडा मसाला थोडा हात राखून घाला, मिसळल्यावर चाखून वाढवता येतो. जाण्याआधी फोन करून विचारा, कारण मार्च ते मे या महिन्यांत डंकावर रांग असते आणि कमी माल घेऊन गेलं तर थांबवून ठेवतात. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल कुठला होता ते बघा. मालवणी किंवा गरम मसाला असेल तर त्याचा वास तुमच्या चटणीत उतरतो. कांदा-लसूण वेगळ्या डब्यात न्या, शेवटी घालायला सांगा, आणि परत येताना डब्याचं झाकण घट्ट लावू नका. कांडून आलेली चटणी गरम असते, वाफ आत अडकली की पाणी सुटतं.